लिंटर पहिल्याच दिवशीं बसवावा

संगणकावर प्रोग्रॅम लिहूं लागलेल्या आमच्या मुलांस 'लिंटर' ही एक जाचक पीडा वाटते. मला तसें वाटत नाहीं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनभागांत लिहिलेलें तपासून देणारा जाणता मनुष्य शेजारीं मिळणें कठीण. लिंटर हा असा तपासनीस आहे कीं, एकदां उतरवून घेतल्यावर त्यास इंटरनेटही लागत नाहीं.

वरोरा-राजुऱ्याकडील मुलांस ह्या नांवाचें नवल वाटूं नये. सरकी वेगळी झाल्यावर उरणाऱ्या रुईस इंग्रजींत 'लिंट' म्हणतात, आणि कपड्यास चिकटणाऱ्या बारीक तंतूंसही तोच शब्द आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टीफन जॉन्सन ह्यांनीं १९७८ च्या सुमारास सी भाषेंतील प्रोग्रॅम तपासणारें साधन केलें, तें ह्याच नांवाचें. प्रोग्रॅम न चालवितां, नुसता वाचून, त्यांतील संशयास्पद जागा तें दाखवी.

अशी जागा कसली, तें सांगतों. चार विद्यार्थी ग्रंथालयाच्या नोंदींचा प्रोग्रॅम जावास्क्रिप्टमध्यें लिहीत होते. चलांस नांवें मराठींतच द्यावयाचीं, असा त्यांचा हट्ट. (तो मला आवडला; त्या भाषेचीही त्यास हरकत नाहीं.) एकानें 'दंड' लिहिलें, दुसऱ्यानें परसवर्ण साधून 'दण्ड'. आपणांस दोन्ही एकच. संगणकास तीं भिन्न नांवें. मुलांनीं 'स्ट्रिक्ट' पद्धत घेतली नव्हती, म्हणून त्यानें मुकाट्यानें दुसरें नांव निर्माण केलें, आणि पुस्तक कितीही उशिरां आणा, दंड शून्य! विद्यार्थी हर्षले, ग्रंथपाल नव्हे.

दोन दिवस शोधण्यांत गेले. मग 'ईएसलिंट' बसविला. त्यानें ती ओळ क्षणांत दाखविली, पण तिच्यासवें शेंकडों तक्रारीही पुढें ठेविल्या. मुलें खचलीं, आणि एकानें सगळे नियमच बंद करून टाकले. उशीर केल्याचें खरें नुकसान तें हेंच. आरंभीं दोनतीनच नियम घ्यावे: न सांगितलेलें नांव, न वापरलेलें नांव, एवढे पुरेत, मोकळ्या जागांचे तंटे मागाहून. नियमांची फाइल प्रकल्पासोबतच ठेवावी, म्हणजे चौघांस एकच कायदा लागू होतो आणि कच्च्या मुलास मित्राचा शब्द ऐकावा लागत नाहीं. एखादा नियम मोडावयाचाच असेल, तर शेजारीं कारण लिहावें.

पुढें तक्रार एकही उरली नाहीं. तरी सुट्टीच्या दिवसांचाही दंड आकारला जात होता. तें लिंटरला दिसलें नाहीं. पांचवींतील एका मुलीनें दिवाळीनंतर पुस्तक परत करितांना दाखवून दिलें.