पाच कार्यालये, एक उंबरठा

खार स्थानकाच्या पश्चिमेकडील अनेक रस्ते आजही क्रमांकाने ओळखले जातात. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात नगररचना योजनेखाली हा भाग आखला गेला, भूखंड सरळ रेषेत पाडले गेले आणि प्रत्येक भूखंडाची सरकारदरबारी नोंद झाली. याच रस्त्यांनी समुद्राच्या दिशेने गेल्यास थोड्याच अंतरावर खारदांडा लागतो. येथे क्रम उलटा आहे. घरे आधी उभी राहिली आणि नकाशा मागाहून आला. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये अंधेरीपर्यंत वाढली. त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून कोळी समाज या किनाऱ्यावर नांदत होता. नोंदलेला भूखंड आणि नांदती वस्ती यांत जो फरक आहे, तोच आज दांड्यातील घराच्या प्रश्नाचे मूळ आहे.

दांड्यातील एका घराचा विचार केला, तर त्या एका उंबरठ्यावर किमान पाच कार्यालयांची सत्ता चालते. जमिनीची नोंद उपनगर जिल्हाधिकारी आणि नगर भूमापन कार्यालयाकडे असते. पाणी, मलनिस्सारण, कचरा आणि दवाखाना ही महापालिकेच्या एच-पश्चिम विभागाची जबाबदारी होय. वस्तीचा एखादा भाग झोपडपट्टी म्हणून घोषित असेल, तर तेथे १९९५ मध्ये स्थापन झालेले झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण येते. समुद्र जवळ असल्यामुळे बांधकामाला सागरी किनारा नियमन लागू होते. रहिवाशांची उपजीविका मत्स्यव्यवसाय विभागाच्या कक्षेत मोडते. प्रत्येक कार्यालय आपापल्या परीने काम करते. परंतु एका कार्यालयाचा कागद दुसऱ्याच्या कागदाशी जुळतोच असे नाही. त्या न जुळण्याची किंमत घरमालकाला मोजावी लागते.

ही किंमत किती असते, ते बँकेच्या व्यवहारातून स्पष्ट होते. गृहकर्ज देताना बँक मालकीचा पुरावा, मंजूर नकाशा आणि सर्व वारसांची संमती मागते. कोळीवाड्यातील अनेक पिढ्यांच्या घराची मिळकत पत्रिका पणजोबांच्या नावावर राहिलेली असते आणि बांधकामाचा मंजूर नकाशा तर क्वचितच असतो. त्यामुळे मुंबईतील अत्यंत मोलाच्या जमिनीवर राहणारे कुटुंब बँकेच्या लेखी तारणहीन ठरते. पावसाळ्यापूर्वी छप्पर व भिंती दुरुस्त करायला पाच लाख रुपये लागले आणि ते खासगीत महिना दोन टक्क्यांनी घेतले, तर दरमहा दहा हजार रुपये केवळ व्याजापोटी जातात. मुद्दल जागच्या जागी राहते. तेवढीच रक्कम नऊ टक्के दराने दहा वर्षांसाठी बँकेकडून मिळाली, तर मुद्दलासह मासिक हप्ता सुमारे ६,३३४ रुपये पडतो. दोन्हींतील अंतर हा अपुऱ्या नोंदीचा दंड आहे आणि तो दर महिन्याला भरावा लागतो.

यापेक्षा मोठा प्रश्न वर्गीकरणाचा आहे. कोळीवाडा आणि झोपडपट्टी या कायद्याच्या दृष्टीने भिन्न गोष्टी आहेत. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पात्र कुटुंबाला ३०० चौरस फुटांची सदनिका विनामूल्य मिळते. ज्याचे घर अतिक्रमित जमिनीवर होते, त्याच्यासाठी ही मोठी प्राप्ती होय. परंतु वडिलोपार्जित घर, ओटा आणि जाळी दुरुस्त करण्यापुरते अंगण ज्याच्याजवळ आहे, तो त्याच योजनेत मालकाचा लाभार्थी होतो. म्हणून सीमारेषा कोठे पडते, याला महत्त्व आहे. २०११ च्या केंद्रीय किनारा नियमन अधिसूचनेने मुंबईतील कोळीवाडे स्वतंत्रपणे नकाशावर दाखवावेत आणि तेथील घरांची बांधणी व पुनर्बांधणी स्थानिक नगररचना नियमांनुसार व्हावी, अशी तरतूद केली. ती प्रत्यक्षात उतरायची, तर महसूल, महापालिका, मत्स्यव्यवसाय आणि किनारा व्यवस्थापन या यंत्रणांनी एकाच नकाशावर सह्या करणे आवश्यक ठरते. कोळीवाड्यांसाठी वेगळी विकास नियमावली असावी, ही मागणीही याच कारणाने सातत्याने पुढे येते.

यंत्रणा एकमेकींना न विचारता घरे बांधतात तेव्हा काय होते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. गोवंडी-मानखुर्द भागातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहती प्रकल्पबाधितांसाठी उभारल्या गेल्या. कुटुंबांना पक्की घरे मिळाली. परंतु इमारती इतक्या जवळ बांधल्या गेल्या की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचेना. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दाटीचा आणि क्षयरोगाच्या प्रमाणाचा संबंध दिसून आला. आराखड्यावर आरोग्य विभागाचे मत आधी घेतले असते, तर दोन इमारतींमधील अंतर कदाचित वेगळे ठरले असते. डोक्यावर छप्पर आले म्हणजे स्वास्थ्य आले, असे होत नाही.

एकत्र काम करण्याची वाटही मुंबईला अपरिचित नाही. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात चौदा हजारांहून अधिक घरांच्या पुनर्विकासासाठी दोन सरकारी प्राधिकरणांनी काम वाटून घेतले. रहिवाशांची पात्रता ठरवणे आणि जागा मोकळी करून देणे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे आहे, तर बांधकाम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. खासगी विकासकांकडून रखडलेल्या दोनशेहून अधिक योजना म्हाडा, सिडको, महापालिका आदी संस्थांच्या भागीदारीने पुढे नेण्याचे धोरणही राज्याने स्वीकारले आहे. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या काढलेल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये म्हाडाने ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या दिल्या. सिंगापूरमध्ये १९६० साली गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले आणि १९६८ पासून नागरिकांना आपल्या भविष्य निधीतील रक्कम त्या मंडळाचे घर घेण्यासाठी वापरता येऊ लागली. बांधणारी संस्था आणि बचत सांभाळणारी संस्था यांची सांगड बसली. आज तेथील बहुसंख्य लोकसंख्या याच मंडळाच्या घरांत राहते.

खारदांड्याला घाटकोपरचा किंवा सिंगापूरचा साचा जसाच्या तसा लागू होणार नाही. तेथे उंच इमारतींपेक्षा आधी नोंदीची गरज आहे. प्रथम संयुक्त सीमांकन, नंतर वारस नोंदी आणि मिळकत पत्रिका, मग दुरुस्ती व पुनर्बांधणीचे सुटसुटीत नियम आणि त्याआधारे बँकेचे कर्ज, असा क्रम राहिला, तर अनेक कुटुंबे स्वतःच्या बळावर आपले घर नीट करू शकतील. गल्ल्यांची रुंदी, मलवाहिन्या, अग्निशमनाची वाट आणि दवाखान्याची जागा याच नकाशावर एकदम ठरवता येईल.

हा विषय केवळ कोळी बांधवांचा आहे, असे व्यापारी कुटुंबांनी समजू नये. किराणा, कापड, भांडी आणि औषधांची दुकाने अशा वस्त्यांच्या तोंडाशी असतात आणि त्यांचे गिऱ्हाईक व नोकरवर्ग त्याच गल्ल्यांतून येतो. महिना दोन टक्के व्याज भरणाऱ्या घराची उधारी वाण्याच्या वहीत तुंबते. वस्ती उठली, तर पेढीची दोन पिढ्यांची पतही तिच्याबरोबर उठते. पुनर्वसन योजनेत पात्र दुकानदाराला २०.९० चौरस मीटरपर्यंतचे क्षेत्र विनामूल्य मिळते. मात्र त्यासाठी भाडेपावत्या, गुमास्ता परवाना आणि वीजदेयके यांचा अखंड पुरावा हवा. अनेक दुकाने आजोबांच्या नावावर चालतात आणि परवाना काकांच्या नावे असतो. असे कागद आजच एका नावावर आणून ठेवणे शहाणपणाचे आहे. तसेच महापालिकेच्या विकास आराखड्यावर किंवा एखाद्या योजनेवर हरकती व सूचना मागवल्या जातात, तेव्हा रहिवाशांच्या बरोबरीने दुकानदारांनीही मुदतीत लेखी म्हणणे द्यावे.

हिशेबाचा नियम असा आहे की आरंभीची शिल्लक चुकली, तर पुढचे प्रत्येक पान चुकते. कोळीवाड्याची सीमारेषा ही अशीच आरंभीची शिल्लक होय. ती पाचही कार्यालयांनी मिळून एकदा बिनचूक लिहिली, तर त्यावर उभे राहणारे घर त्या कुटुंबाच्या हक्काचे राहील आणि बँकेच्या तारणालाही पुरे पडेल.