ओढ्याचा काठ वाचायला शिका



आपल्या शिवारातून एखादा तरी ओढा वाहत असतो. त्याच्या एका वळणाला लोक 'जांभळीचा ओढा' म्हणतात, पुढे तोच 'उंबराचा डोह' होतो आणि आणखी खाली 'लव्हाळ्याची पाणथळ'. जुन्या माणसांनी ही नावे उगीच दिलेली नाहीत. ज्या जागी जी वनस्पती वरचढ, तिचे नाव त्या जागेला, असा हा साधा हिशेब आहे. शास्त्रही याच वाटेने जाते. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली भारतातील वनप्रकारांची जी सुधारित मांडणी केली, तीत नदीकाठच्या वनाला वेगळे स्थान दिलेले आहे.

आज हे सांगण्याचे कारण असे, की २०१४ साली सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात ओढे-नाले खोल आणि रुंद करण्याची कामे पुष्कळ गावांत झाली. पाणी अडावे हे चांगलेच. पण यंत्र काठावर चढले की त्याला उंबर आणि बेशरम सारखेच. काठ उघडा पडला की मोठ्या पुरात माती सुटते आणि ती काठच्या शेतकऱ्याची असते. म्हणून काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे आधी आपल्याला कळले पाहिजे.

पाहणी कशी करावी?

पावसाळा सरल्यावर कार्तिक-मार्गशीर्षात एकदा आणि चैत्र-वैशाखात पुन्हा एकदा ओढा पायी फिरावा. दर शंभर पावलांचा एक पट्टा धरावा. दोन्ही काठ वेगळे पाहावेत. प्रत्येक पट्ट्यात मोठी झाडे, झुडपे आणि गवत किंवा पाणवनस्पती असे तीन थर वहीत लिहावेत.

वरचढ म्हणजे संख्येने जास्त नव्हे. जी वनस्पती सर्वांत जास्त जमीन झाकते ती वरचढ. एका उंबराखाली तेरड्याची पन्नास रोपे असली तरी जागा उंबराचीच. झाडांनी निदान चौथा हिस्सा जमीन झाकली असेल तर पट्ट्याला झाडाचे नाव द्यावे. तेवढी झाडे नसतील तर झुडपाचे, आणि झुडपेही विरळ असतील तर गवताचे. दोन वनस्पती बरोबरीच्या असतील तर 'करंज-जांभूळ' असे जोडनाव लिहावे.

पाच मुख्य प्रकार

१. करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन यांचा पट्टा : येथे माती खोल, काठ पक्का आणि खालची ओल टिकाऊ असते. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त जांभूळ, उंबर, निर्गुडी यांवरून भूजलाचा अंदाज बांधण्याच्या खुणा दिल्या आहेत. मात्र केवळ झाड पाहून विहिरीवर पैसा घालू नये. रीतसर भूजल पाहणी करून घ्यावी. या पट्ट्याला कुऱ्हाड लावू नये आणि यंत्रही जाऊ देऊ नये.

२. शेरणी आणि वाळुंज यांचा पट्टा : घाटाकडच्या, वेगाने वाहणाऱ्या ओढ्यांत शेरणी दगडांच्या फटीत मुळे रोवून उभी असते. पूर आला की वाकते, ओसरला की उठते. वाळुंज ओल्या काठावर वाढते. तिची फांदी ओल्या मातीत खोचली तर मुळे धरते, त्यामुळे ढासळलेला काठ सावरायला हे झाड उपयोगी पडते.

३. निर्गुडी आणि शिंदी यांचा पट्टा : उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या ओढ्यांवर हा आढळतो. निर्गुडीला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत आणि तीही छाटापासून लागते. काठ धरून ठेवायला हे स्वस्तातले कुंपणच समजा.

४. पाणकणीस आणि लव्हाळे यांचा पट्टा : पाणी उथळ, संथ आणि तळाशी गाळ, असा याचा अर्थ. ही झाडी गाळ अडवते आणि पाखरांना घरट्यासाठी जागा देते. पाणी तुंबत असेल तर मधली वाट तेवढी मोकळी करावी, कडेची झाडी राहू द्यावी.

५. बेशरम, वेडी बाभूळ, घाणेरी यांचा पट्टा : काठ पूर्वी कधीतरी तोडला, खणला किंवा अती चारला गेल्याची ही खूण आहे. या तिन्ही वनस्पती परदेशातून आलेल्या. बेशरमाचा पाला शेळ्यांना विषारी आहे, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावे. संथ पाण्यावर जलपर्णी माजली असेल तर वरून सांडपाणी किंवा खताचा निचरा येतो आहे का, ते पाहावे.

काढताना घाई नको

पाचव्या प्रकारचा पट्टाही एका दमात साफ करू नये. वाईट का होईना, त्या मुळांनीच तेथे माती धरलेली असते. दहा-पंधरा पावलांचा तुकडा मोकळा करावा, तेथे निर्गुडी, वाळा, करंज लावावेत, ते रुजले की पुढचा तुकडा घ्यावा. बेशरम मुळासकट उपटावी आणि पाण्यापासून दूर नेऊन वाळवावी. तिचे तोडलेले तुकडे ओढ्यात टाकले तर ते खाली वाहत जाऊन रुजतात आणि आपला त्रास शेजाऱ्याच्या काठावर जातो.

हे काम घरातील सर्वांनी मिळून करण्याजोगे आहे. आजीला झाडांची नावे ठाऊक असतात, मुलांना वही लिहिता येते. पट्टे दाखवणारा साधा नकाशा काढावा. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती लोक जैवविविधता नोंदवही तयार करते, तीत ही माहिती नोंदवून घ्यावी. ओढ्याच्या कामाचा विषय ग्रामसभेत आला की नकाशा पुढे ठेवून कोणत्या पट्ट्यात यंत्र चालेल आणि कोणत्यात नाही, ते ठरवून घ्यावे. यंत्र येऊन उभे राहिल्यावर सांगण्यापेक्षा ते आधी सांगितलेले बरे.