बंदुकीनंतर कुदळ

ज्या वयात व्यापाऱ्याची पेढी नुकतीच कोठे स्थिरावू लागलेली असते, त्या वयात सामान्य जवान निवृत्त होतो. पस्तिशी-चाळिशीत घरी परतलेल्या या माणसापुढे निम्मे आयुष्य उभे असते. निवृत्तिवेतन बेताचे, वडिलोपार्जित शेत भावाभावांत वाटले गेलेले. देगलूर, मुखेड, उदगीर या कोरडवाहू पट्ट्याला असे संसार नवे नाहीत. अशा माणसाला राज्याने दूरच्या सीमेवर जमीन द्यावी आणि त्याने तेथे शेतकरी होऊन राहावे, ही कल्पना फार जुनी आहे. प्राचीन रोमने आपल्या निवृत्त सैनिकांना जिंकलेल्या प्रांतांत जमिनी देऊन वसविले. अशा वस्तीला लॅटिन भाषेत ‘कोलोनिया’ म्हणत आणि ‘कोलोनस’ म्हणजे जमीन कसणारा. आज ‘कॉलनी’ म्हटले की घरांची रांग डोळ्यांपुढे येते. शब्दाच्या मुळाशी मात्र शेतकरी आहे.

स्वतंत्र भारतात हा प्रयोग बंगालच्या उपसागरातील ग्रेट निकोबार बेटावर झाला. शाळेत देशाचे दक्षिण टोक म्हणून कन्याकुमारीचे नाव पाठ केले जाते. ते मुख्य भूमीचे टोक झाले. भारतीय प्रदेशाचे दक्षिण टोक या बेटावरील इंदिरा पॉइंट हे होय. येथून इंडोनेशियाचे सुमात्रा बेट सुमारे दीडशे किलोमीटरवर, तर पोर्ट ब्लेअर पाचशे किलोमीटरहून दूर. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी मालवाहू जहाजे याच बेटाच्या दक्षिणेकडून जातात. एवढ्या मोक्याच्या जागी भारतीय वस्ती असावी, म्हणून 1969 ते 1980 या काळात 330 माजी सैनिकांची कुटुंबे तेथे वसविण्यात आली. पंजाब, केरळ, तमिळनाडू अशा अनेक प्रांतांतून ती आली आणि त्यांत महाराष्ट्रातील कुटुंबेही होती.

त्या बेटाचा पूर्वेतिहास धीर देणारा नव्हता. 1756च्या सुमारास डेन्मार्कने निकोबारांवर हक्क सांगून वस्ती वसविण्याचा प्रयत्न केला. हिवतापाने माणसे मेली आणि वस्ती उठली. पुढे 1869 मध्ये ब्रिटिशांनी नानकौरी बंदरावर कैद्यांची वसाहत उभारली. तीही 1888 मध्ये गुंडाळावी लागली. व्यापारी कंपन्या आणि साम्राज्ये जेथे टिकली नाहीत, तेथे बायकामुलांसह जवान उतरला.

पूर्व किनाऱ्यावर कॅम्पबेल बे, गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर आणि शास्त्रीनगर अशी गावे उभी राहिली. भातासाठी, बागायतीसाठी आणि घरासाठी जमीन मिळाली. पण जमीन म्हणजे घनदाट अरण्य. मराठवाड्यातील शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. तेथे दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस थांबता थांबत नाही. ज्वारी, तूर, हरभरा यांचे ज्ञान तेथे कामाचे नव्हते. झाडे तोडायची, बुंधे उपटायचे, तापाने अंथरूण धरायचे, उठून पुन्हा कुदळ हाती घ्यायची, हा दिनक्रम झाला. मुख्य पिके नारळ आणि सुपारी. पण नारळाचे झाड फळाला येण्यास सहा-सात वर्षे लागतात, सुपारीलाही जवळपास तेवढीच. खतावणीच्या भाषेत सांगायचे, तर पहिली सहा-सात वर्षे केवळ ‘नावे’ बाजू भरत राहते आणि ‘जमा’ कोरी असते. त्यातही कोवळ्या फळांवर माकडांचा आणि पिकांवर रानडुकरांचा डोळा. मालाला गिऱ्हाईक हवे, तर ते समुद्रापलीकडे. जहाज आले तर बाजार, नाही तर नाही. तरीही बागा उभ्या राहिल्या, शाळा निघाल्या, मुले तेथेच वाढली. निरनिराळ्या प्रांतांच्या भाषा बोलणारी घरे शेजारी-शेजारी नांदली.

26 डिसेंबर 2004, रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी प्रचंड भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा किनाऱ्यावर आल्या. किनाऱ्यालगतची घरे, माणसे, रस्ते, बागा वाहून गेल्या. भूकंपाने बेटाचे दक्षिण टोक चार मीटरहून अधिक खचले. त्यामुळे समुद्र आला आणि काही ठिकाणी परत गेलाच नाही. एके काळी जमिनीवर उभा असलेला इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ पाण्याने वेढला गेला. भातखाचरांत खारे पाणी शिरले. सुपारीच्या झाडाला तो क्षार सोसत नाही. तीस-पस्तीस वर्षांची शिल्लक एका सकाळी बुडाली. वाचलेल्यांनी पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत वर्षे काढली, नंतर त्यांना पक्की घरे मिळाली. घर बांधून देता येते. फळाला आलेली बाग मात्र कोणीच बांधून देऊ शकत नाही.

आता त्या बेटावर मोठा प्रकल्प येऊ घातला आहे. गलाथिया उपसागरावर मालवाहतुकीचे महाबंदर, आंतरराष्ट्रीय विमानतळ, नवे शहर आणि वीजकेंद्र अशी ही योजना असून 2022 मध्ये तिला पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. विमानतळाची जागा शास्त्रीनगर-गांधीनगर या भागात सुचविली गेली आहे, म्हणजे त्याच माजी सैनिकांच्या गावांत. ज्यांनी आपले मूळ गाव एकदा सोडले, ज्यांना समुद्राने दुसऱ्यांदा उठविले, त्यांच्या मुलानातवंडांपुढे तिसऱ्यांदा उठण्याचा प्रसंग उभा आहे.

या कथेला आणखी एक बाजू आहे आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सैनिकांना मिळालेले अरण्य निर्मनुष्य नव्हते. शॉम्पेन आणि निकोबारी लोक तेथे पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत. शॉम्पेन तर अरण्यातच शिकार करून आणि कंदफळे गोळा करून जगणारे. त्यांच्याकडे सात-बारा नाही, खरेदीखत नाही. म्हणून त्यांचा हक्क शून्य होत नाही. वसाहत देशाच्या दृष्टीने आवश्यक असेल. तिची किंमत कोणी दिली, हेही त्याच वहीत लिहिले पाहिजे.

जमिनीचे मूल्य ठरविताना रेडीरेकनरचा दर, क्षेत्रफळ आणि झाडांची संख्या पाहिली जाते. व्यवहाराला ते पुरेसे असते, न्यायाला नाही. नारळाच्या एका झाडात सात वर्षांची वाट पाहणे असते. एका गावात दोन पिढ्यांचे ताप, बाळंतपणे आणि मृत्यू असतात. पेढी चालविणाऱ्या घरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आजोबांनी गावोगाव पायी फिरून मिळविलेली पत दुकानाच्या साठ्याच्या यादीत कोठेच दिसत नाही, आणि तरी दुकान चालते ते तिच्यावरच. सैनिकाला दिलेली जमीन हे बक्षीस नव्हते. तो एक करार होता: तू येथे राहा, म्हणजे ही भूमी देशाची राहील. सैनिकाने आपली बाजू पाळली. मोबदल्याचा हिशेब मांडताना दुसऱ्या बाजूने ही नोंद विसरता कामा नये.