वाफसा आणि बॅटरी

धाराशिवच्या माळावर पवनचक्क्या फिरतात, सौर प्रकल्प उभे राहतात. नांगरट मात्र अजून डिझेलवरच. इलेक्ट्रिक ट्रॅक्टरचे काय, हा प्रश्न आता आपल्याही बांधावर आला आहे.

हिशोब सरळ मांडू. 2020 च्या अखेरीस आलेल्या सोनालिकाच्या टायगर इलेक्ट्रिकची बॅटरी साधारण 25 युनिटची. घरच्या प्लगवर चार्जिंगला दहा तास. लिटरभर डिझेलमधून इंजिन जेमतेम तीन युनिट काम काढते, म्हणजे ही बॅटरी आठेक लिटरच्या तोडीची. द्राक्षबागेतली फवारणी, चाऱ्याची ने-आण याला ती पुरेल, चालवायला स्वस्तही पडेल. काळ्या रानात पलटी नांगर ओढणारा मोठा ट्रॅक्टर मात्र तेवढे डिझेल दोनेक तासांतच पितो. त्यात सोयाबीनच्या पेरणीला वाफसा मिळतो मोजके दिवस. तेव्हा भाड्याचा ट्रॅक्टर रात्रंदिवस पळतो. त्याला दहा तास उभा करणे कोणत्या मालकाला परवडेल? शेतीची थ्री-फेज वीज तर आठ तासांची, तीही कधी रात्रीची.

जड कामाला आम्हाला गॅस जवळचा वाटतो. सीएनजीवर बदललेला ट्रॅक्टर नितीन गडकरींनी 2021 मध्येच दाखवला. चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने त्याच वर्षी, कोरोनाच्या लाटेत, इथेनॉल प्रकल्पात ऑक्सिजन तयार केला होता; मग कारखान्यांना ट्रॅक्टरसाठी गॅस का जमू नये? प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळापासून, बायोगॅस काढणे तर देशात रुळलेले तंत्र आहे. गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर कारखान्यांच्या दारात तासन्‌तास रांगेत असतात. गॅसचा पहिला पंप तिथेच हवा.