परफ्यूममध्ये ‘टोबॅको’ म्हणजे सिगारेट का? वासामागचा खेळ समजून घ्या

रील्स बघताना ‘टोबॅको’ नावाच्या परफ्यूमचे रिव्ह्यू तुमच्याही फीडमध्ये आले असतील. टॉम फोर्ड कंपनीचा २००७ मध्ये आलेला ‘टोबॅको व्हॅनिल’ हा त्यातला सगळ्यात गाजलेला. मूळ बाटली हजारोंच्या घरात, म्हणून त्याच धाटणीच्या स्वस्त बाटल्या ऑनलाइन मिळतात. ऑर्डर जालन्यातून करा नाहीतर परतूरमधून, घरी पार्सल उघडलं की प्रश्न ठरलेला: “हे तंबाखूचं काय मागवलंस?” चला, याचं नीट उत्तर शोधूया.

बाटलीत खरंच तंबाखू असते का?

कधी असते, पण बऱ्याचदा नसते. तंबाखूच्या वाळवलेल्या पानांपासून अर्क काढता येतो आणि परफ्यूमसाठी निकोटिन काढून टाकलेला अर्कही मिळतो. पण अनेक बाटल्यांमध्ये पान नसतंच. टोंका बी, व्हॅनिला, मध, मसाले यांच्या वासांची जुळणी करून ‘तंबाखूसारखा’ भास तयार केला जातो. टोंका बीमधलं कुमारिन हे रसायन वाळल्या गवतासारखा गोडसर वास देतं.

सिगारेटचा वास यापेक्षा पूर्ण वेगळा. तो पानाचा नाही, जळण्याचा वास. तंबाखूच्या धुरात ७,००० हून जास्त रसायनं असतात आणि त्यातली सुमारे ७० कॅन्सरला कारण ठरू शकतात. परफ्यूममध्ये काही जळत नाही. त्यामुळे ते फवारल्याने निकोटिनचं व्यसन लागत नाही. उलट, सिगारेट ओढून वरून परफ्यूम मारला तर वास झाकला जाईल, पण कपड्यांवर बसलेली धुरातली रसायनं तशीच राहतात.

मग सिगारेटशी नातंच नाही?

नातं आहे, पण ते जाहिरातीचं. १९१९ मध्ये फ्रान्सच्या कॅरॉन कंपनीने ‘ताबाक ब्लाँ’ आणला, तेव्हा बायकांनी सिगारेट ओढणं ही तिथे नवी फॅशन होती. १९२१ चा मोलिनार कंपनीचा ‘हाबानिता’ तर आधी सिगारेटला सुगंध देण्यासाठीच विकला गेला. म्हणजे सुरुवातीपासून विकलं गेलं ते ‘स्टाइल’. आजही बाटलीच्या फोटोत सिगार आणि धूर दिसतो, तो त्याचसाठी.

आपल्याकडे मात्र उलटी गंगा

तिकडे अत्तराने तंबाखूचं नाव घेतलं, आपल्याकडे तंबाखूने अत्तराचा वास घेतला. कन्नौजच्या अत्तरवाल्यांसाठी जर्दा, गुटखा आणि पानमसाला बनवणारे कारखाने मोठं गिऱ्हाईक राहिले आहेत. गुलाब, केवडा, वेलची यांच्या वासामुळे तंबाखूचा उग्रपणा झाकला जातो आणि पहिल्यांदा तोंडात टाकणाऱ्याला ती सोपी वाटते.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१६-१७ च्या ‘गॅट्स’ सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सिगारेट-बिडी ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूर नसलेली तंबाखू खाणारे २४.४ टक्के. राज्य सरकारने २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आणली, २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही बंदीत आली. तरी जालन्यासह मराठवाड्यात गुटखा पकडल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. म्हणजे आपल्या जिल्ह्यात खरा धोका टोबॅको परफ्यूमच्या बाटलीत कमी, केवड्याच्या वासाच्या पुडीत जास्त.

फोनवर काय लक्षात ठेवायचं?

२००३ च्या ‘कोटपा’ कायद्याने तंबाखूजन्य वस्तूंच्या जाहिरातीवर बंदी आहे. परफ्यूम त्या यादीत नाही, म्हणून त्याची जाहिरात चालते. अडचण पुढे आहे. ‘टोबॅको’, ‘व्हॅनिला’, ‘मिंट’ हेच शब्द व्हेपच्या फ्लेवरलाही वापरतात. भारतात ई-सिगारेटची विक्री, साठवण आणि जाहिरात २०१९ पासून बंद आहे. विक्री किंवा जाहिरात केल्यास पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे:

- खरेदीआधी वस्तू कोणती ते वाचा. परफ्यूम अंगावर फवारायचा असतो. ‘पफ’, ‘पॉड’, ‘डिव्हाइस’ असे शब्द दिसले तर तो व्हेप आहे.
- कुणी डीएममध्ये व्हेप विकत असेल तर अकाउंट रिपोर्ट करा. व्हिडिओवर कमेंट करत बसू नका, त्याने तो आणखी लोकांपर्यंत जाऊ शकतो.
- ‘इलायची’ किंवा ‘सिल्व्हर कोटेड’ची जाहिरात दिसली तर त्याच नावाची तंबाखू बाजारात आहे का, ते बघा. अशा आडून केलेल्या जाहिरातींना केंद्राच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे.
- स्वस्त परफ्यूममध्ये काय घातलंय ते लेबलवर लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. घेतलाच तर आधी हातावर थोडासा लावून बघा.

थोडक्यात, टोबॅको परफ्यूम आवडत असेल तर बिनधास्त लावा, घरच्यांनाही समजावून सांगा. फक्त वास कुठल्या दिशेने चाललाय ते बघा. सुगंध अंगावर राहिला तर ती आवड. तोच सुगंध तंबाखू गळी उतरवायला वापरला जात असेल तर ते व्यसनाचं दार आहे. आणि घरात कुणाला तंबाखू सोडायची असेल तर १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर कॉल करता येतो, तोही मोफत.