काकाची गिटार आणि पॉलिशचा डबा

जुनं वाद्य दुरुस्त करावं, नवं करू नये. माझं मत एवढंच आहे. पण त्यावरून आमच्या घरात सध्या दोन तट पडलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विषय काकाच्या गिटारचा. 1972 साली घेतलेली, कोलकात्याची बनावट. एके ठिकाणी नखांनी पॉलिश उडून लाकूड उघडं पडलंय. काकाच्या पंचाहत्तरीला ती 'चकाचक' करून द्यायची असा आत्याचा प्रस्ताव होता. मी ती फक्त वाजती करून आणली. "एवढे पैसे घातलेस आणि ओरखडे तसेच!" हे वाक्य आता मला पाठ झालंय.

एक आधीच सांगून टाकतो, ही गिटार काही दुर्मीळ वगैरे नाही. वरची फळी प्लायवुडची. अखंड स्प्रूसची फळी असेल तर वाजवून वाजवून आवाज उमलत जातो म्हणतात. प्लायवुडकडून तशी आशा नको. त्यामुळे 'पॉलिश बदललं तर किंमत घसरेल' हा मुद्दा मी काढतच नाही. घसरायला ती मुळात असावी लागते!

खरा आजार वेगळाच होता. स्टीलच्या सहा तारा मिळून घोडीला साधारण 70 किलोच्या ताणाने खेचत असतात, रात्रंदिवस. वर्षानुवर्षं हे चाललं की घोडीमागची फळी फुगते, मान पुढे झुकते आणि तारा पडद्यांपासून (म्हणजे फ्रेट्सपासून) वर वर जातात. इथे बाराव्या पडद्यावर 5 मिलिमीटर अंतर होतं. अडीचच्या आसपास हवं. त्यात मुंबईची दमट हवा. मागे कधीतरी घोडी सुटली तेव्हा कुणा सुताराने दोन स्क्रू मारून ती 'कायमची' बसवली होती. या 'कायमची'चीच मला भीती वाटते. जुने वाद्यकारागीर सरस वापरायचे, त्यात शहाणपण होतं. ऊब आणि ओल दिली की सांधा सुटतो आणि पुढच्या माणसाला पुन्हा काम करता येतं.

आमच्या कारागिराने स्क्रू काढले, भोकं लाकडाच्या खुंट्यांनी बुजवली, घोडी सरसाने चिकटवली, तिच्यावरची पट्टी हाडाची घातली आणि झिजलेले पडदे घासून एका पातळीत आणले. (बोटांखालची फळी शिसवी निघाली. ब्राझीलचं रोजवूड मिळणं अवघड झाल्यावर अमेरिकेतली मार्टिन कंपनी 1969च्या सुमारास भारतीय शिसवीकडे वळली, हे ऐकून काका पाव इंच वाढला.)

आता पॉलिश. जाड नवा थर फळीची थरथर दाबतो, हे तर आहेच. पण मुख्य म्हणजे त्या घासलेल्या जागेत काकाचा हात आहे. विली नेल्सन या अमेरिकन गायकाची 'ट्रिगर' पाहा. 1969 साली घेतलेली मार्टिन, वाजवून वाजवून फळीला चक्क भोक पडलं. ऑस्टिनच्या कारागिराने आतून आधार दिला, भोक तसंच ठेवलं. ते बुजवून वर पॉलिश मारलं असतं तर ट्रिगर राहिली असती का?

धाकट्या मामाचं मत, काचेच्या कपाटात ठेवा. म्हणजे अत्तराची बाटली सीलबंद करून देव्हाऱ्यात ठेवण्यासारखं. असो.

काकाने बोटं दुखतात म्हणून दहा वर्षं गिटार सोडली होती. सगळा दोष आम्ही संधिवाताला दिला. निम्मा त्या 5 मिलिमीटरचा होता. आता हलक्या तारा लावल्यात आणि तो रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं वाजवतो. मग हात गरम पाण्यात. पाचव्या पडद्यावर अजून थोडी झणझण येते. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा आत्ता घाई नको म्हणाला कारागीर. दिवाळीनंतर बघू.