मुलांच्या हातातली लढाई

जून 2020 मध्ये पबजी मोबाइलच्या एका नव्या भागात खेळाडूला मूर्तीपुढे वाकून बळ मिळवायचे होते. आखातातील मुस्लिमांनी आक्षेप घेताच कंपनीने माफी मागून तो भाग काढला. ‘स्माइट’ या व्हिडिओ गेममध्ये कालीमातेला लढाईत उतरवल्यावर अमेरिकेतील हिंदू नेत्यांनीही निषेध केला होता. श्रद्धा दुखावली की आपण जागे होतो. तासन्तास माणसे टिपण्याच्या खेळावर तेवढा आवाज उठत नाही. 2019 मध्ये पबजीबंदीसाठी मुंबई उच्च न्यायालयात गेला तो 11 वर्षांचा एक मुलगा, आईमार्फत. सप्टेंबर 2020 ची भारतातली पबजीबंदी आली ती देशाच्या सुरक्षेसाठी. मुलांच्या मनाचा तिथे प्रश्नच नव्हता.

चंद्रपूर वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरात, हा विषय अधिक टोचतो. फेब्रुवारी 2022 मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा, तर लगतच्या दुर्गापुरात बिबट्याने एका किशोराचा बळी घेतला. सांज झाल्यावर मुलांना मैदानावर सोडायचे तरी कसे? ती मोबाइलकडे वळली, यात त्यांचा दोष नाही. वीज केंद्र चालवणाऱ्या महानिर्मितीने आणि वन विभागाने झुडपे काढावीत, दिवे आणि कुंपण लावून मैदाने सुरक्षित करावीत. पालकांनी मुलांशेजारी बसून ती काय खेळतात ते पाहावे. बंदीची मागणी त्यानंतर करावी.